जाणीव शाबूत असलेला हात

(चंद्रपूर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय ख्रिस्ती जीवनातल्या सौम्यतेचा आणि दयाळूपणाचा आहे. त्याची सुरुवात मी आपल्या धानपट्ट्यातून करणार आहे. इथे कुष्ठरोग कसा ध्यानात येतो ते पाहा. बाई चुलीवरचे भगुणे उतरवते. तळहाताला फोड येतो, पण तो तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीने दाखवल्यावर कळतो. माणूस रोवणीच्या चिखलात दिवसभर वावरतो. संध्याकाळी पाय धुताना टाचेत रुतलेला काटा दिसतो, पण दिवसभरात तो एकदाही दुखलेला नसतो. पाठीवर एखादा फिकट चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून दवाखान्यात कुणी दाखवत नाही. या आजाराने बोटे झडतात असा सर्वत्र समज आहे. खरे म्हणजे जंतू मज्जातंतूंना धरतात आणि वेदनेची वाट बंद पडते. मग भाजणे, कापणे, ठेचाळणे हे रोजचे अपघात न कळता साचत जातात. बोटे झिजतात ती या जखमांनी.

ही गोष्ट जगाला नीट दाखवून देण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी. शिक्षण इंग्लंडमध्ये झाले आणि नोकरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९४७ मध्ये ते चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांना भेटायला गेले होते. तिथे बोटे आखडलेल्या एका रुग्णाच्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. हात लुळा असेल, जेमतेम पकड लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या माणसाने असा दाबला की ब्रँड यांच्या तळव्यात नखे रुतली आणि ते कळवळले. स्नायूंत भरपूर जोर शिल्लक होता. समोरच्याला किती लागते आहे, आपल्यालाच किती लागते आहे, ही खबर मात्र त्या हाताला मिळत नव्हती. या एका हस्तांदोलनातून पुढे वाकड्या बोटांवरची शस्त्रक्रिया उभी राहिली आणि हजारो माणसे पुन्हा घास उचलू लागली.

मित्रहो, माझे आजचे सगळे म्हणणे त्या हातात आहे. सौम्य माणूस म्हणजे ज्याच्यात जोर नाही तो, असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. जोर दोन्ही हातांत असतो. ज्या हातात वेदनेची जाणीव शाबूत आहे, त्यालाच आपली पकड कुठे सैल करायची ते कळते. ज्याची जाणीव गेली तो हात मदतीसाठी पुढे आला तरी दुखवून जातो. हे माणसांना लागू आहे तसेच संस्थांना, चर्चला, कायद्याला लागू आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीने या दोन्ही प्रकारचे हात जवळून पाहिले आहेत.

आधी शुभवर्तमानाकडे जाऊ. मार्क, मत्तय आणि लूक तिघेही एक प्रसंग सांगतात. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, तुझी इच्छा असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्या माणसाने वस्तीबाहेर राहायचे आणि आपण अशुद्ध आहोत असे ओरडून लोकांना सावध करायचे. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग बरा हो म्हणतो. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. बरे झाल्यावर शिवण्यात धाडस कसले? ज्याला वर्षानुवर्षे कुणी हात लावला नव्हता त्याला तो रोगी असतानाच हात लागला, आणि रोग त्यानंतर गेला. नुसत्या शब्दाने बरे करण्याचे सामर्थ्य येशूकडे होते. शताधिपतीच्या चाकराला त्याने घरी न जाताच बरे केले. तरी इथे त्याने स्पर्श निवडला, कारण या माणसाचे दुसरे दुखणे तेच होते.

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. दहाही बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे, असे येशू विचारतो. त्या प्रश्नात दुःख आहे आणि ते लपवलेले नाही. पण नऊ जणांचे बरे होणे त्याने परत घेतले नाही. जे आले नाहीत, ज्यांनी मानले नाही, तेही बरेच राहिले. दयेची ही कसोटी कठीण आहे. आपण केलेल्या मदतीची पावती मिळाली नाही तर पुढच्या वेळी हात आखडता घेणे ही आपली रीत. येशूने ती रीत पाळली नाही.

आणि हाच येशू मंदिरात सराफांचे चौरंग उलथे करतो. तेव्हा सौम्यता म्हणजे राग नसणे असे समजू नका. राग त्याला येत होता. तो कुणावर काढायचा नाही हे पक्के ठरलेले होते: आजाऱ्यावर, लेकरावर, लोकांनी दगड मारायला धरून आणलेल्या बाईवर. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आत्म्याच्या फळांमध्ये ममता आणि सौम्यता या दोहोंना जागा दिली आहे. पौल स्वतः जन्माने मऊ माणूस नव्हता. स्तेफनाला दगडमार होताना मारणाऱ्यांची वस्त्रे सांभाळत उभा राहिलेला तो तरुण होता. अशा माणसाने सौम्यतेबद्दल लिहिले आहे, म्हणून मला त्याचे लिहिणे खरे वाटते.

आता आपल्या भागाकडे येतो. ख्रिस्ती सेवेचे पाय या जंगलपट्टीला लागून दीडशे वर्षे होत आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, मिशन उघडले. त्याच शतकाच्या अखेरीस प्राणहितेच्या काठी सिरोंचाला मेथडिस्ट मिशन पोचले. १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या सीएमआय संघाकडे चांदा मिशन सोपवले गेले. १९७७ मध्ये त्या मिशनचा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि त्याचे केंद्र बल्लारपूरला आहे. या सगळ्यांच्या आधी नागपूरला मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. ते १८४५ मध्ये आले. शाळा चालवता चालवता त्यांनी गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, खडक आणि जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ बोरी नदीच्या फुगलेल्या पाण्यात ते बुडाले. गोंडांच्या लिंगोची कथा ज्यात आहे ते त्यांचे टिपण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. शिकवायला आलेल्या माणसाने आधी ऐकून घेतले, हे मला हिस्लॉप यांच्यात आवडते. तेव्हा ते दुर्मीळ होते आणि आजही आहे.

केरळहून आलेल्या सिस्टरांबद्दल मात्र थोडे थांबून बोलावेसे वाटते. विशी-बाविशीतल्या मुली. त्यांना मराठी येत नाही, गोंडी तर नाहीच. भात ओळखीचा, पण भाषा, ऊन आणि अंतरे सगळी अनोळखी. त्यांनी इथले शब्द उचलले. कुणाच्या घरी पाणी मागावे आणि कुणाच्या घरी जेवून जावे, हे त्या शिकल्या. त्यांच्यातल्या पुष्कळ जणींची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत आणि त्यांना ती हवीही नव्हती. त्यांचे काम मोजायला आपल्यापाशी माप नाही. जखम धुताना पट्टी ओढून काढायची की पाण्याने भिजवून सोडवायची, एवढाच तो फरक असतो. रुग्णाला तिथे दुखत नसले तरी सिस्टर ती भिजवूनच सोडवते, कारण खालची नवी कातडी निघून येऊ नये. जिथे रुग्णाची जाणीव गेली आहे तिथे तिला आपली जाणीव त्याच्यासाठी वापरावी लागते. सेवेची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही.

पण आपण आपल्याच इतिहासाकडेही सरळ पाहिले पाहिजे. कुष्ठरुग्णांसाठी पहिले छप्पर पुष्कळ ठिकाणी मिशनने घातले. वेल्स्ली बेली यांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या कुष्ठसेवेच्या मिशनचे काम विदर्भात अचलपूरजवळच्या कोठाऱ्यापर्यंत पोचले. ज्यांना गावाने हाकलले त्यांना या आश्रमांत अन्न मिळाले, औषधपाणी मिळाले, मेल्यावर माती मिळाली. हे ऋण लहान नाही. मात्र त्याच काळातल्या कुष्ठाश्रमांत स्त्री-पुरुषांच्या वसाहती वेगळ्या असत, नवराबायकोलाही एकत्र राहू देत नसत आणि निरोगी लेकरे आईबापांपासून तोडून दुसरीकडे वाढवत. त्यांची बाजू मी समजू शकतो. तेव्हा औषध नव्हते, संसर्गाची भीती खरी होती. तरीही वाटते, की जेवण देणाऱ्या हाताला आईच्या कुशीतून मूल उचलताना काय होते आहे ते पुरेसे जाणवले नसावे. १८९८ च्या लेपर्स अॅक्टने तर निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात टाकायची मुभा दिली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. दयेला कुलूप लावता येते, आणि आपण ते लावले होते.

ते कुलूप आपल्या जिल्ह्यात एका न-ख्रिस्ती माणसाने काढले हे सांगायला मला संकोच वाटत नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्या गुरूच्या शिष्यांना तो वाटूच नये. बाबा आमटे यांचा जन्म हिंगणघाटचा, १९१४ चाच. कुष्ठरुग्ण तुळशीरामला पाहून ते आधी घाबरून पळाले होते, आणि ही भीती त्यांनी आयुष्यभर उघडपणे सांगितली. मग ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकून आले. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जागेत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर त्यांनी आनंदवन मांडले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली. त्यांच्या पत्नी साधनाताई तिथे लहान मुलांना घेऊन राहिल्या. बरे झालेल्यांची लग्ने झाली, घरे झाली, शेती झाली. ज्या माणसाला आश्रमाने रोगी म्हणून सांभाळले असते, तो इथे सुतार झाला, विणकर झाला, कुणाचा तरी बाप झाला.

पण वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाची भाजी विकली जात नव्हती. लोकांच्या मनातली भीती भाषणाने जाणारी नव्हती. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे तरुण वेगवेगळ्या देशांतून आनंदवनात आले. त्यांनी विटा उचलल्या, दवाखान्याच्या भिंती बांधल्या आणि रुग्णांनी पिकवलेले तिथेच बसून खाल्ले. हे वरोऱ्याने डोळ्यांनी पाहिले, आणि हळूहळू गाव आनंदवनाची भाजी घेऊ लागले.

ही संघटना कुठून आली ते माहीत असले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर सेरेसोल नावाचे अभियंते होते. ख्रिस्ताने शत्रूवर प्रेम करायला सांगितले आहे, तेव्हा सैन्यासाठी कर मी भरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यासाठी त्यांना तुरुंगवास झाला. पहिले महायुद्ध संपल्यावर ते नुसते शांततेची भाषणे करत बसले नाहीत. १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हेर्दूंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन घरे उभारायला घेतली. त्यांत कालपर्यंतच्या शत्रुदेशाची, म्हणजे जर्मनीची माणसे होती. फावडे हाती धरूनच क्षमा मागायची, अशी ती कल्पना होती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात आले आणि गावे पुन्हा वसवायला राबले. ते वारले १९४५ मध्ये. वरोरा त्यांनी पाहिलेच नाही. तरी एका ख्रिस्ती माणसाने सैन्यकर नाकारला त्याचा धागा व्हेर्दूंपासून निघून बिहारमार्गे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या भिंतीपर्यंत येतो. सौम्यतेचा पराक्रम शोधायचा असेल तर तो मला अशा जागी दिसतो. त्या भिंती बांधणाऱ्यांनी कुणालाही बाप्तिस्मा दिला नाही, मागितलाही नाही.

याच्या उलट एक प्रसंग आपल्या चांद्याशी जोडलेला आहे. तो सांगणे मला कठीण जाते, पण सांगितला पाहिजे. अलेक्झांडर वुड हे स्कॉटिश मिशनतर्फे कित्येक वर्षे चांद्याला होते. १९२६ मध्ये ते नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या अधिकारक्षेत्रात व्हेरियर एल्विन नावाचा तरुण इंग्रज धर्मगुरू गोंडांमध्ये काम करू इच्छित होता. एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या जवळ गेले. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याबरोबर ते मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला राहायला गेले. बिशपांनी धर्मगुरूचा परवाना देण्यासाठी ब्रिटिश बादशहाशी निष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती घेतली नाही. अखेर १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडले. बिशपांना नियम पाळायचा होता आणि नियम त्यांच्या बाजूचा होता. पण गोंडांच्या झोपडीत राहायला निघालेल्या माणसाला अडवताना आपण काय गमावतो आहोत, हे त्या हाताला कळले नाही. चर्चने एक माणूस गमावला आणि साम्राज्यालाही काही मिळाले नाही.

शामराव हिवाळे यांच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे, याची मला खंत वाटते. गोंड-परधानांच्या वस्तीत एल्विन हे 'बडा भाई' आणि शामराव 'छोटा भाई'. पुस्तके बड्या भाईची गाजली. दवाखान्यात बसणारा, भांडणे मिटवणारा, कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते ओळखणारा छोटा भाई होता. त्यांनी तिथे कुष्ठरुग्णांसाठी लहानसे घरही चालवले. शामरावांनी परधानांवर लिहिलेले पुस्तक १९४६ चे आहे. आपल्या आत्मचरित्रात एल्विन शामरावांविषयी मनापासून लिहितात. एल्विन यांना १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला तो याच आत्मचरित्राला. मात्र ज्या कोसी नावाच्या गोंड मुलीशी त्यांनी १९४० मध्ये लग्न केले आणि १९४९ मध्ये घटस्फोट घेतला, तिच्या वाट्याला पुढे हलाखी आली. आदिवासींविषयी इतक्या मायेने लिहिणाऱ्या माणसाचा हात घरातल्या माणसाशी बधिर राहिला. एल्विन यांच्या कामाचे मोल मी कमी करत नाही. पण सौम्यता मोजायची असेल तर आधी उंबऱ्याच्या आत मोजावी, एवढे मी ठामपणे म्हणेन.

आणि उंबऱ्याच्या आत म्हटले की मराठी माणसाला टिळक दांपत्य आठवणारच. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा नागपूरशी संबंध जुना. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी तिथे 'ऋषि' मासिक चालवले. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी त्यांच्याशी आदराने बोलला. त्याने वादात त्यांना हरवायचा प्रयत्न केला नाही. हातात नवा करार ठेवला आणि रोज थोडे वाचायचे वचन घेतले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयाने लक्ष्मीबाईंचे आयुष्य मात्र उन्मळून पडले.

इथून पुढे टिळक काय करतात ते महत्त्वाचे आहे. ते तापट होते, लहरी होते. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी ते मनमोकळेपणाने सांगितले आहे, आणि मराठीत इतका निर्मळ ग्रंथ दुसरा क्वचितच सापडेल. धर्मांतर करताना टिळकांनी पत्नीला विश्वासात घेतले नाही; त्या घावाला सौम्य म्हणता येणार नाही. पण नंतर काही वर्षांनी त्या पुन्हा त्यांच्यापाशी राहू लागल्या, तेव्हा त्यांचा सोवळ्याचा स्वयंपाक, त्यांचे देव, त्यांचे विटाळ हे सगळे टिळकांनी चालू दिले. जातिभेदाविरुद्ध पेटून लिहिणाऱ्या कवीच्या घरात बायकोची चूल वेगळी पेटत होती आणि त्याने ती विझवली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातली अढी त्यांच्याच विचाराने सुटली, त्यांच्या वेळेने सुटली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तापट माणसाने घरात धरलेला हा धीर मला त्यांच्या पुष्कळ अभंगांहून मोठा वाटतो. ज्याचा स्वभावच शांत आहे त्याला एवढे कष्ट पडत नाहीत. टिळकांना पडले, आणि ते त्यांनी घेतले.

आता एक अवघड ठिकाण. सौम्यता मारेकऱ्यापुढे टिकते का? देवास जिल्ह्यात उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया नावाच्या केरळच्या जोगीण आदिवासी बायकांचे बचतगट बांधत होत्या, सावकारी पाशातून घरे सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात त्यांना भोसकण्यात आले. मारणारा समंदरसिंग तुरुंगात गेला. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, पुढे तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि तो सुटल्यावर केरळात राणी मारियांच्या आईला भेटायला गेला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केले गेले. माझ्या मते या घटनेत दोन सौम्यता आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. राणी मारिया क्षमाशील म्हणून मारल्या गेल्या नाहीत. त्या गरिबांच्या हिशेबाच्या वह्या वाचत होत्या, कुणाच्या तरी मिळकतीच्या आड येत होत्या, म्हणून मारल्या गेल्या. क्षमा त्यानंतरची. अन्यायाला हात न लावणारी मवाळ क्षमा ख्रिस्ताच्या नावावर खपवू नये, एवढ्यासाठी हे सांगतो आहे.

गडचिरोलीत तर हा प्रश्न पुस्तकातला नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला हा जिल्हा वेगळा झाला. त्या सुमारापासून वर्षानुवर्षे नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंना बंदुका राहिल्या आणि मधल्या गावांत माणसे. तिथे आजारी माणसाला तू कुणाचा असे न विचारता सलाईन लावणारी परिचारिका काय करत असते, ते मी वेगळे सांगायला नको. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी हेच केले. माडिया माणसांना परके वाटू नये म्हणून डॉक्टरांनी अंगावरचे कपडेसुद्धा कमी केले. मेंढा-लेखा गावाने सर्वांची संमती झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही असा नेम धरला आणि २००९ मध्ये देशात पहिल्यांदा आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. येशूने डोंगरावर सौम्यांच्या वाट्याला भूमी येईल असे म्हटले होते. लोक ते परलोकाचे समजतात. मेंढा-लेखाच्या जंगलातल्या बांबूकडे पाहिले की मला ते अगदी इथल्या जमिनीचे वाटते.

शेवटी आपल्या मंडळीपुढे एक कागद ठेवायचा आहे. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदा २००१ मध्ये सुधारला गेला. स्त्रियांना त्यातून न्याय मिळाला, ती सुधारणा हवीच होती. पण त्याच सुधारणेत जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नव्याने लिहिले गेले. बहुविध औषधोपचार, ज्याला आपण एमडीटी म्हणतो, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपलब्ध होता. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होत होता. तरी कुष्ठरोग्याला शिवणाऱ्या प्रभूच्या अनुयायांच्या विवाहकायद्यात हे कलम शिरले आणि आपल्या व्यासपीठांवरून त्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही. २०१९ च्या वैयक्तिक कायदे दुरुस्तीने ते काढले. हिंदू, मुस्लिम आणि विशेष विवाहाच्या कायद्यांतूनही काढले. मधली अठरा वर्षे आपण सगळे बधिर होतो. यात मी कुणा एकाला दोष देत नाही.

२००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि निर्मूलनाची घोषणा झाली. चंद्रपूर आणि गडचिरोलीत रुग्ण आजही सापडतात. घोषणेनंतर लोक विसरले, डॉक्टरही सवय विसरले, आणि चट्टा उशिरा दाखवला जातो. उशीर म्हणजे बोटे. ज्यांची जाणीव एकदा गेली त्यांची ती गोळ्यांनी परत येत नाही. त्यांना आयुष्यभर रोज पाय भिजवून, घासून, तेल लावून तपासावे लागतात, आणि मऊ अस्तराची, बिनखिळ्याची एमसीआर चप्पल लागते. ब्रँड यांच्या रुग्णांची बोटे रात्री उंदीर कुरतडून जात आणि सकाळपर्यंत त्यांना पत्ता लागत नसे. उपाय म्हणून प्रत्येकाला एकेक मांजर देण्यात आले. कुणाचे नेमके काय दुखत नाही ते ओळखून त्याच्या उशाशी मांजर ठेवणारी दया आपल्याला हवी आहे.

म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या सर्व मंडळ्यांना, पाळकांना, धर्मगुरूंना आणि सिस्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जागतिक कुष्ठरोग दिन असतो आणि ३० जानेवारीला आपल्याकडचा कुष्ठरोगविरोधी दिन. त्या आठवड्यातल्या उपासनेत न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या चट्ट्याची माहिती द्या, आणि ती गावच्या बोलीत, गोंडीत, माडियात द्या. गावातल्या आशाताईला बोलवा आणि तिला पुढची खुर्ची द्या. दानपेटीतली काही रक्कम चपलांसाठी ठेवा आणि ती ख्रिस्ती पाय बघून वाटू नका. बरे झालेले कुटुंब आपल्या चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसते ते एकदा पाहा. उपचार सुरू झाल्यावर हा आजार त्या माणसाकडून पसरत नाही, तेव्हा प्रभुभोजनाचा प्याला त्याच्या ओठांना लागल्यावर तुमच्यापाशी येईल. तो पुसायला वेगळा रुमाल मागू नका. प्या.